तक्रार केली तर मुलाचं काय होईल?

एका जिल्हा परिषद शाळेतल्या बाईंनी विचारलेला प्रश्न आधी थोडक्यात सांगते. सातवीतला एक मुलगा, वय तेरा. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. तुळशीचं लग्न झालं की मामाच्या मंडप-डेकोरेशनच्या धंद्यावर जातो आणि मग शाळेत क्वचितच दिसतो. आई म्हणते, "परक्याकडं कुठं आहे, मामाकडंच तर आहे." मामा बहिणीला महिन्याला तीनेक हजार रुपये देतो. त्याच वर्गातल्या दोन मुली आईबापाबरोबर ऊसतोडीला गेल्यात. बाईंना तीन गोष्टी हव्यात. हे बालमजुरीत बसतं का? तक्रार केली तर मुलाचं भलं होईल की चाललेलं घर बसेल? आणि मुळात या कायद्यांनी मुलांचं काही भलं झालंय का?

मी कामगार खात्यातून निवृत्त झाले, नंतर बाल कल्याण समितीवर होते. आधी मालकावर खटले भरले, मग सोडवून आणलेल्या मुलानं कुठं राहायचं हे ठरवणाऱ्या टेबलाशी बसले. या दोन जागांवरून एकच कायदा फार वेगळा दिसतो, त्यामुळे उत्तर लांबणार आहे. माझं मत आधीच सांगून टाकते: कायद्यानं मालकाला जरब बसते, कधी तो सुधारतो, कधी लपतो. मुलाचं भलं मात्र सुटकेनंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत ठरतं, आणि त्या सहा महिन्यांत आपली यंत्रणा सगळ्यात दुबळी असते.

शेवटचा प्रश्न आधी घेते.

आपल्याकडचा पहिला फॅक्टरी कायदा १८८१ चा. तो आला मुंबईच्या गिरण्यांमुळे, आणि तो यावा म्हणून सगळ्यात जास्त ओरड केली लँकेशायरच्या गिरणीमालकांनी. मुंबईचं स्वस्त सूत त्यांच्या डोळ्यांत खुपत होतं. हेतू काही का असेना, सात वर्षांखालच्या मुलाला गिरणीत घ्यायला बंदी आली आणि सात ते बारा वयाच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा. १८९१ मध्ये किमान वय नऊ झालं. मधल्या काळात, १८८४ साली, नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं. त्यातल्या मागण्या पाहिल्या तर रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर, कामावर दुखापत झाली तर भरपाई. सगळं मोठ्यांसाठीच. पण मोठ्यांचा पगार वेळेवर आणि पुरेसा आला की पोराला गिरणीत घालायची निकड कमी होते, हे तेव्हाही खरं होतं. बालमजुरीवर बोलताना आईबापाच्या मजुरीवर बोलायचं नाही, ही खोड आपल्याला नंतर लागली.

राज्यघटनेचं २४ वं कलम चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखाने, खाणी आणि धोक्याच्या कामात बंदी घालतं. १९८६ चा कायदाही याच वळणाचा: धोक्याच्या कामांची यादी करायची आणि यादीत असेल तेवढं बंद. यादी वाढत वाढत १८ व्यवसाय आणि ६५ प्रक्रियांपर्यंत गेली. १० ऑक्टोबर २००६ पासून घरकाम आणि ढाबे-हॉटेलंही त्यात आली. २०१६ च्या दुरुस्तीनं ही पद्धत उलटी केली: चौदा वर्षांखालच्या मुलाला कुठल्याच धंद्यात कामाला ठेवायचं नाही. चौदा ते अठरा वयाच्या मुलांना, म्हणजे कायद्याच्या भाषेत किशोरांना, फक्त धोक्याच्या कामात बंदी. मालकाला सहा महिने ते दोन वर्षं कैद, वीस ते पन्नास हजार दंड, आणि गुन्हा दखलपात्र. म्हणजे पोलीस थेट हात घालू शकतात. १९८६ च्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला कमाल कैद एक वर्षाची होती आणि खटले वर्षानुवर्षं लोंबकळत. त्या मानानं हा कायदा कडक झाला, हे मान्यच करायला हवं.

आता परिणाम. जगाचे आकडे तसे बरे दिसतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफच्या अंदाजानुसार २००० साली पाच ते सतरा वयाची २४.६ कोटी मुलं बालमजुरीत होती, २०२४ मध्ये १३.८ कोटी. भारतात २००१ च्या जनगणनेत पाच ते चौदा वयाची १.२६ कोटी काम करणारी मुलं होती, २०११ मध्ये १.०१ कोटी. पण या घटीत कायद्याचा वाटा किती आणि शाळा गावात आली, खिचडी मिळू लागली, घरटी मुलं कमी झाली याचा वाटा किती? माझा कौल दुसऱ्या बाजूला आहे.

कौल उगाच नाही. १९८६ च्या बंदीनंतर भारतात काय झालं याचा अर्थशास्त्रज्ञांनी राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकड्यांवरून अभ्यास केलाय. निष्कर्ष उलटाच निघाला: बंदीनंतर मुलांची मजुरी मोठ्यांच्या तुलनेत घसरली आणि गरीब घरांतली मुलं जास्त कामाला लागली. कारण सरळ आहे. पकडलं जाण्याचा धोका मालक मुलाच्या मजुरीतून कापून घेतो. मजुरी कमी झाली, घराची गरज तेवढीच राहिली, मग ती भरायला धाकट्यालाही पाठवतात. दुसरं उदाहरण बांगलादेशचं. १९९३ च्या सुमारास अमेरिकेत बालमजुरांनी बनवलेल्या मालावर बंदीचं विधेयक आलं. ते मंजूर व्हायच्या आधीच ढाक्यातल्या कपड्यांच्या कारखान्यांनी घाबरून हजारो मुलं काढून टाकली. ती मुलं शाळेत गेली नाहीत. बरीच विटा फोडण्यासारख्या वाईट कामांत गेली. मग १९९५ मध्ये तिथल्या कारखानदारांच्या संघटनेनं युनिसेफ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेबरोबर करार केला: आधी शाळेची सोय आणि थोडा भत्ता, मग काढायचं. हा क्रम आधी सुचायला हवा होता.

हे वाचून कुणी म्हणेल की कायदाच नको. बोलिव्हियानं २०१४ मध्ये तसाच प्रयोग केला, काही अटींवर दहा वर्षांच्या मुलाला कामाची परवानगी दिली. चार वर्षांत ती मागे घ्यावी लागली. मला तो मार्ग कधीच पटला नाही, कारण कामानं शरीरावर काय उमटतं ते मी पाहिलंय.

मुंबईत २००५ च्या सुमारास जरीच्या कारखान्यांवर मोठ्या धाडी पडल्या. मुलं बहुतेक बिहारची. या कामात ताणलेल्या कापडाच्या चौकटीशी दिवसभर मांडी घालून बसायचं. उजव्या हातात आरी, म्हणजे आकड्याची सुई, डावा हात कापडाखाली, दोरा पुरवायला. मूल समोर आलं की मी आधी त्याचा डावा हात बघायचे. तर्जनीवर दोऱ्यानं पडलेली बारीक खाच असे, जुनी असली तर कातडी तिथं घट्ट आणि चकचकीत. उन्हात आणल्यावर डोळ्यांना धार लागायची. वय विचारलं की घोकल्यासारखं एकच उत्तर, "अठारह." मग सरळ वय विचारायचं सोडून दिलं. शाळा सुटली तेव्हा कितवीत होतास, धाकटा भाऊ आता कितवीत आहे, त्याच्यापेक्षा तू किती मोठा? भावाबद्दल खोटं बोलायला कुणी शिकवलेलं नसायचं. कायद्यात वयाचा क्रम ठरलेला आहे: शाळेचा दाखला, तो नसेल तर नगरपालिका-पंचायतीचा जन्मदाखला, तोही नसेल तरच हाडांची तपासणी. त्या तपासणीत वर्ष-दोन वर्षं इकडेतिकडे होतात, आणि मालकाचा वकील तेवढ्याच फटीत पाय घालतो.

धाडीनंतर काय झालं ते मात्र पंचनाम्यात नसतं. मुलांच्या दृष्टीनं धाड म्हणजे अटक. पोलिसांची गाडी, मग बालगृह, दाराला कुलूप. मालक बाहेर जामिनावर आणि मूल आत. एका बालगृहात एका मुलानं मला विचारलं होतं, "मैंने क्या किया?" गावी पाठवलेल्या मुलांपैकी काही वर्षाच्या आत त्याच वस्तीत, फक्त गल्ली बदलून, पुन्हा सापडली. का? घरी उचल अंगावर होती. कारखानदारानं आगाऊ दिलेले पैसे बापानं बहिणीच्या लग्नात घातले होते. मूल सुटलं, कर्ज सुटलं नाही.

सर्वोच्च न्यायालयाला हे १९९६ मध्येच दिसलं होतं. शिवकाशीच्या फटाका-काडेपेटी कारखान्यांच्या खटल्यात न्यायालयानं सांगितलं की मालकानं प्रत्येक मुलामागे वीस हजार भरायचे, शिवाय सरकारनं घरातल्या एका मोठ्या माणसाला काम द्यायचं, नाहीतर पाच हजार त्याच निधीत टाकायचे. मुलाच्या जागी मोठा, हा विचार या सगळ्या निकालात मला सगळ्यात शहाणा वाटतो. सगळ्यात कमी अंमल त्याचाच झाला. आता २०१६ नंतरच्या कायद्यात पुनर्वसन निधी आहे: दंडाची रक्कम त्यात जाते, सरकारनं मुलामागे पंधरा हजार घालायचे. चांगलंच आहे. पण पैसे गुंतवायचे, व्याज साठवायचं, पुढं कधीतरी मुलाला द्यायचं. आईला या महिन्याच्या किराण्याला त्यातलं काही मिळत नाही, आणि मूल परत कामावर जायचा निर्णय किराण्याच्या दुकानातच होतो.

पूर्वी राष्ट्रीय बालकामगार प्रकल्पाची विशेष प्रशिक्षण केंद्रं होती. कामावरून आलेल्या मुलांना तिथं बसवायचं, वाचायला शिकवायचं, मग नेहमीच्या शाळेत घालायचं. काही नुसती कागदावर चालत, काहींमध्ये शिक्षिका जीव ओतून शिकवत. २०२१ मध्ये ती योजना ‘समग्र शिक्षा’ या सरकारच्या शालेय शिक्षण योजनेत विलीन झाली. म्हणजे कामावरून सुटलेल्या मुलाचं ओझं आता तुमच्यासारख्या शाळांवर आहे, बहुतेक वेळा शाळेला ते माहीतही नसतं.

मुलांच्या सुखदुःखाबद्दल एक अडचणीची गोष्ट आहे, तीही सांगते. व्हिएतनाममध्ये १९९० च्या दशकात त्याच त्या मुलांची पाच वर्षांनी पुन्हा पाहणी झाली. काम करणाऱ्या मुलांचं शिक्षण मागं पडलं होतं, पण तरुण वयात कमाई इतरांपेक्षा जास्त होती. म्हणजे आईबाप वेडे नाहीत, त्यांना दिसतो तो फायदा खरा आहे. शिक्षणाचा फायदा उशिरा येतो, तोवर घर तग धरत नाही. शिवाय कमावणाऱ्या मुलाला घरात मान असतो. त्याला ताटात आधी वाढतात. शाळेत तोच मुलगा शेवटच्या बाकावर, भागाकार येत नाही म्हणून बोलणी खाणारा. तेराव्या वर्षी माणूस कुठं रमेल? शाळेनं हे मनाला लावून घ्यावं असं मला वाटतं.

आता तुमचा सातवीतला मुलगा.

२०१६ च्या कायद्यानं संपूर्ण बंदी घातली आणि लगेच दोन खिडक्या उघड्या ठेवल्या. एक, बालकलाकार. मालिका, जाहिराती, सिनेमा, सर्कस सोडून खेळ. तिथं निदान नियम नेमके आहेत: दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, सलग २७ दिवसांपेक्षा जास्त नाही, कमाईतला किमान वीस टक्के भाग मुलाच्या नावे बँकेत. गोरेगावच्या सेटवर घड्याळ लावून हे कोण तपासतं हा वेगळा विषय.

दुसरी खिडकी कुटुंबाची. शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत मुलानं घरच्या धंद्यात मदत केली तर चालतं. आणि कुटुंब म्हणजे कोण? आई, वडील, भाऊ, बहीण आणि आईवडिलांचे भाऊ-बहिणी. म्हणजे काका, आत्या, मामा, मावशी सगळे आले. धंद्यात बाहेरची माणसं कामाला असली तरी तो कौटुंबिकच धरतात. २०१६ साली आम्ही कार्यालयात हे वाचून एकमेकांकडे बघितलं होतं, कारण ढाब्यावरच्या प्रत्येक पोऱ्याला त्या दिवसापासून मामा मिळणार हे दिसत होतं. तसंच झालं. गल्ल्यावरचा माणूस हसत सांगतो, "भाचा आहे साहेब." खरा मामा, मानलेला मामा, गाववाला मामा, निरीक्षक कुठं वंशावळ काढत बसणार?

तुमच्या बाबतीत मामा सख्खा आहे. म्हणून त्या मुलाच्या आईचं म्हणणं कायद्याचं वाटतं. पण २०१७ चे नियम कुणी वाचत नाही, मालक नाही आणि बरेचसे अधिकारीही नाहीत. त्यात या खिडकीला चांगल्या जाड जाळ्या लावल्यात. मदत संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळात करायची नाही. दिवसाला तीन तासांच्या वर नाही. शाळेच्या आड येता कामा नये. मोठ्या माणसाच्या जागी मुलाला उभं करायचं नाही. आणि ज्यातून मुलाला किंवा घराला मोबदला मिळतो ते काम मदतीत धरायचं नाही.

मंडपाचा धंदा या अटींशी लावून बघा. रात्री जेवणावळी उठल्यावर मंडप सोडायचा. पाइप, पडदे, झालरी, खुर्च्या टेम्पोत भरायच्या. पहाटे दुसऱ्या गावात उतरवायच्या आणि मुहूर्ताच्या आत उभं करायचं. हलकं पोर म्हणून शिडीवर, वरच्या आडव्या पाइपवर त्यालाच चढवतात. लायटिंगच्या वायरी ओढायलाही तोच. झोप टेम्पोत, दुमडलेल्या सतरंज्यांवर. लग्नसराईत सलग आठ-दहा तिथी असल्या की मूल दिवसा कुठंही बसल्या जागी झोपतं. वरच्या पाचही अटी इथं मोडतात. तीन हजार रुपयांमुळे शेवटचीही. तेव्हा हो, ही बालमजुरी आहे, मामा सख्खा असला तरी.

एक धोक्याची सूचना. हा मुलगा पंधरा वर्षांचा असता तर चित्र वेगळं असतं. किशोरांना धोक्याचं नसलेलं काम करता येतं. विश्रांती धरून सहा तासांपर्यंत, रात्री सात ते सकाळी आठ बंद, ओव्हरटाइम नाही, आठवड्याला सुट्टी. हे तास पाळणारा मालक मी क्वचितच पाहिला, आणि तपासणाराही. शिक्षण हक्क कायदा चौदाव्या वर्षी थांबतो, कामाचा कायदा त्याच वर्षी दार उघडतो, आणि आठवीनंतर गळणारी मुलं नेमकी त्या दारातून जातात. त्यामुळे तुमच्याकडे वर्षभराचीच मुदत आहे असं समजा.

ऊसतोडीच्या मुलींचं प्रकरण याहून अवघड, कारण तिथं मालक शोधूनही सापडत नाही. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीला. हिशेब जोडीचा, टनावर. मुलीचं नाव कुठल्याच कागदावर नाही. पण सकाळी फडात जाऊन बघा. आईबाप अंधारातच निघतात. कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, मागं राहिलेली दहा-अकरा वर्षांची पोर तान्ह्याला कडेवर घेऊन पाणी भरते, भाकरी थापते, ती फडात नेऊन देते, वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, गोळा करून पेंढ्या बांधते. बारा-तेराची झाली की मोळ्या बांधायला लागते. तिला कुणी कामाला ठेवलेलं नाही, त्यामुळे कायद्याच्या नजरेत ती काम करतच नाही. जगातल्या बालमजुरीचा ६१ टक्के भाग शेतीत आहे आणि त्यातला फार मोठा भाग असाच, आईबापाच्या सावलीतला. खटला भरायचा तर कुणावर, त्या आईवर?

आणि याचा शेवट कुठं होतो तेही बीड-जालन्याकडच्या शिक्षकांना सांगायला नको. उचल जोडीला मिळते, म्हणून मुलगी वयात आली की लग्न लावतात आणि नवा कोयता तयार होतो. बालविवाहाचा कायदा एका खात्याकडे, बालमजुरीचा दुसऱ्या, शाळेचा तिसऱ्या. मुलगी तीच.

इथं धाड निरुपयोगी आहे. उपयोगी पडतं ते हंगामी वसतिगृह. मूल गावातच, आजी किंवा चुलतीकडे राहतं, शाळेच्या व्यवस्थापन समितीमार्फत त्याच्या दोन वेळच्या जेवणाची सोय होते आणि वर्ग सुटत नाही. कारखान्यावरच्या साखरशाळांपेक्षा मला हे केव्हाही बरं वाटतं, कारण तिथं टोळी हलली की शाळा तुटते. वसतिगृहाची अडचण वेळेची. मुकादम गाड्या दसऱ्याच्या आसपास भरतो आणि मंजुरी दिवाळीनंतर येते, तोवर मुलं गेलेली असतात. जाणाऱ्या मुलांची यादी गणपतीतच पंचायत समितीत देऊन पोच घेतली, तर निदान उशीर कुणामुळे झाला ते कळतं. या वर्षीच्या दोघींसाठी ती वेळ गेली. त्या कोणत्या कारखान्याच्या हद्दीत आहेत ते मुकादमाकडून काढा, स्थलांतरित मुलाला दुसरीकडच्या शाळेत बसता यावं म्हणून असलेलं शिक्षण हमी कार्ड भरा आणि तिथल्या जवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन करा. नुसतं कार्ड आईच्या पिशवीत राहतं, फोन केला तर कुणीतरी कोपीवर जाऊन येतं.

एका बाबतीत मात्र जराही थांबायचं नाही: मूल गहाण पडलं असेल तर. २०२२ मध्ये इगतपुरी भागातल्या कातकरी कुटुंबांची मुलं थोड्या पैशांवर आणि एखाद्या मेंढीच्या बदल्यात मेंढपाळांकडे दिल्याचं उघडकीला आलं, तेही एका मुलीचा जीव गेल्यावर. असं काही कानावर आलं तर ते बालमजुरीच्या कायद्यापुरतं ठेवू नका. वेठबिगारीचा १९७६ चा कायदा लावायला सांगा. त्यात उचल, कर्ज सगळं रद्द होतं, आणि जरीच्या मुलांच्या बाबतीत राहून गेलेलं कामच हा कायदा करतो. २०१६ च्या पुनर्वसन योजनेत अशा मुलांसाठी दोन लाखांपर्यंतची तरतूद आहे. मोठी रक्कम खटल्याच्या निकालाशी बांधलेली आहे, पण तातडीची मदत आधी मागता येते.

आता तक्रारीचं. १०९८ वर कळवता येतं, कामगार कार्यालयात लेखी देता येतं, बालमजुरीच्या तक्रारींसाठीच्या ‘पेन्सिल’ या सरकारी पोर्टलवर नोंदवता येतं. पण या मुलाच्या बाबतीत मी तिथून सुरुवात करणार नाही. तीन हजारांची जागा आधी भरायला हवी.

वडील नाहीत म्हणजे बालसंगोपन योजनेत तो बसण्यासारखा आहे. महिन्याला २,२५० रुपये. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडे आणि मंजुरी बाल कल्याण समितीची. आई विधवा आहे, उत्पन्नाच्या अटीत बसत असेल तर संजय गांधी निराधार योजनेचे १,५०० रुपये तहसीलमधून. दोन्ही मिळून ३,७५० होतात, मामाच्या तीन हजारांहून जास्त. अर्ज रखडतात ते मृत्यूचा दाखला, रेशनकार्डावरचं नाव आणि आधार-बँक जोडणी यांत, तेव्हा अंगणवाडीताई किंवा ग्रामसेवकांना बरोबर घेऊन एका बैठकीत कागद पुरे करा. समितीवर असताना माझ्यासमोर असे अर्ज यायचे, आणि मुलाच्या हजेरीबद्दल शिक्षकांचं पत्र जोडलेलं असलं की फाइल वेगळी उठून दिसायची.

दरम्यान मुख्याध्यापकांनी एक पत्र काढायचंय. घरच्या धंद्यात मदत करणारं मूल न कळवता सलग तीस दिवस गैरहजर राहिलं तर मुख्याध्यापकांनी या कायद्यासाठी नेमलेल्या जिल्ह्याच्या नोडल अधिकाऱ्याला कळवायचं, असं त्याच २०१७ च्या नियमांत आहे. हे बंधन शाळेवर आहे, म्हणून पत्र गेलं तर "बाईंनी काडी लावली" असं गावात कुणाला म्हणता येत नाही. पत्राची पोच ठेवा. हजेरीपटावर अधूनमधून एखादा ‘ह’ मांडून तीस दिवस तोडायची सवय अनेक शाळांत आहे, ती या मुलाच्या बाबतीत होऊ देऊ नका.

मग आईशी आणि मामाशी बोला, शक्यतो दोघं एकत्र असताना. आईला सांगा की पहिल्या वेळी आईबापाला शिक्षा नाही, कायद्यातच तसं आहे. मामाला सांगा की त्याला आहे, आणि शिडीवरून पोर पडलं तर भाचा म्हणून सुटका होणार नाही. बहुतेक मामा इथंच ऐकतात. त्यालाही बहिणीचं घर चालवायचं असतं, पोराला राबवायची हौस नसते. बहिणीला मदत करायचीच तर मुलाला न राबवताही करता येते, हे त्याच्या बायकोसमोर बोललेलं बरं. शनिवारी दुपारी खुर्च्या मोजून ठेव, हिशेब लिही, इतपत घरची मदत म्हणून राहू दे. चिकाटीनं पाठपुरावा करूनही महिन्याभरात मुलगा रात्रीच्या टेम्पोत दिसला, तर मात्र १०९८ वर कळवा, आणि त्या फोनच्या वेळी बालसंगोपनाच्या अर्जाचा क्रमांक हाताशी असू द्या. समितीपुढं मूल आलं की हा एक कागद त्याला बालगृहाऐवजी आईकडे पाठवायला फार कामी येतो.

तो परत वर्गात येईल तेव्हा दोन-अडीच महिन्यांचा अभ्यास बुडालेला असेल. शिक्षण हक्क कायद्यानं त्याला त्याच्या वयाच्याच वर्गात बसवायचं आहे, मागं ढकलायचं नाही, आणि राहिलेल्यासाठी वेगळी शिकवणी शाळेनं द्यायची आहे. ऊसतोडीच्या मुली हंगाम संपल्यावर परततील, त्यांनाही तेच. गणिताला त्याच्याकडून मंडपाचं माप काढून घ्या, चौरस फुटांचा दर त्याला तोंडपाठ असतो. पहिले पंधरा दिवस तो वर्गात झोपेल. झोपू द्या.